उमरेडच्या डब्यातला मेणाचा ठोकळा

मे महिन्यात नागपूरला जाऊ नये, असं मला सगळ्यांनी सांगितलं. सांगणाऱ्यांपैकी एकही जण नागपूरला गेलेला नव्हता. आमच्या इचलकरंजीत पारा चाळिशीला टेकला की माणसं एकमेकांना फोन करून कळवतात. तिकडं त्याच आकड्याला 'आज जरा बरं आहे' म्हणतात, हे मी आता स्वतःच्या कानांनी ऐकून आलोय. प्रवासाचं वर्णन करत बसत नाही. मिरजेला बसलो, नागपूरला उतरलो, मधल्या वेळात घाम आला.

गेलो तो हौसेनं नव्हे. माझी धाकटी बहीण लता पारशिवनीला दिलेली. तिचे यजमान मनोहर तिथं शेतपंपाच्या मोटारी रिवाइंड करून देतात. मूळ घर उमरेडचं, विणकराचं. आमचंही घर मागाचंच, म्हणून तर सोयरीक जुळली. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. लग्नात मी 'दाजी' म्हटल्यावर तिकडची मंडळी माझ्याकडे बघत राहिली होती, पण माणसानं ते नाव लावून घेतलं. तर लताच्या छातीत गाठ निघाली. पारशिवनीतच एका लहान खासगी दवाखान्यात ती काढली आणि तपासायला नागपुरात धंतोलीच्या लॅबमध्ये दिली. दोन आठवडे झाले तरी एक रिपोर्ट अडकलेला होता. फोनवर लता म्हणाली, "तू बायोलॉजी शिकवलीस ना रे तीस वर्षं? मग ये आणि विचार त्यांना. आम्हाला विचारताही येत नाही."

ह्या वाक्यावर मी निघालो.

धंतोली, पहिला दिवस

तुम्ही धंतोलीला गेला नसाल तर जाण्याची वेळ न येवो. एका गल्लीत जितक्या पाट्या तितके डॉक्टर. एक्स-रेची मोठी पाकिटं काखेत धरून गोंदियापासून यवतमाळपर्यंतची माणसं रस्त्यावर उभी असतात, आणि पाकीट बघून एकमेकांची चौकशी करतात. ओळख लागत नाही, पाकीट पुरतं. पेशंटच्या माणसांना खोल्या भाड्यानं देणारी घरंही तिथं आहेत. तशाच एका खोलीत लता आणि दाजी राहत होते. कूलरच्या वाळ्याचा वास, कोपऱ्यात माठ, खिडकीला ओलं पोतं. लता बरीच वाळली होती, पण मला बघून पहिलं वाक्य बोलली ते, "पोट केवढं वाढलंय तुझं!" मला बरं वाटलं.

दाजी मात्र गप्प होते. एरवी ते बोलघेवडे. मोटार जळालेली आणणाऱ्या शेतकऱ्याला हसवल्याशिवाय पैसे न घेणारा माणूस. ह्या खेपेला मला टपरीवर घेऊन गेले, तर्री पोहे मागवले आणि माझ्याकडे न बघता खात राहिले. तर्रीनं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कोल्हापुरी तांबड्यावर वाढलेला मी, पण आमचं तिखट आधी नमस्कार करतं, मग चावतं. हे थेट चावतं. पोहेवाला म्हणाला, "पाणी नका पिऊ जी, वरून पोहेच घ्या." त्याचं खरं होतं.

लॅबमध्ये डॉ. मेश्राम भेटल्या. पन्नाशीच्या बाई, चष्मा कपाळावर सरकवलेला. मी आल्या आल्या माझी पदवी, नोकरी, अनुभव सगळं ऐकवलं. मला ती खोड आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग नुसतं ऐकता कशाला, बघा ना." त्यांच्याकडे दोन माणसांनी एकदम बघायचा सूक्ष्मदर्शक होता. समोरासमोर बसलो. दाजी दाराशी उभे राहिले.

पुढचं नीट सांगतो, कारण सगळं ह्याच्यावर अडलेलं होतं.

वर्गात मी फळ्यावर काढायचो ते असं: डावीकडून संप्रेरक येतो, बाण, पेशीत एक प्रथिन, बाण, केंद्रक, बाण, जनुक चालू. एखादं चौकस पोर विचारायचं, "सर, बाणाच्या जागी नेमकं काय होतं?" आणि मी म्हणायचो, "परीक्षेत एवढंच येतं." तीस वर्षं ह्या उत्तरावर पगार घेतला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाण कुठंच नसतो, सर. एक प्रथिन दुसऱ्याला धरतं किंवा सोडतं, एवढंच असतं."

मग त्यांनी उलगडून सांगितलं. पेशीत एक प्रथिन असतं, रिसेप्टर. एरवी त्याला दुसरी प्रथिनं धरून बसलेली असतात, ती त्याला गप्प ठेवतात. बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन येऊन त्याच्या खोबणीत बसलं की त्याचा आकार बदलतो. धरून बसलेली सुटतात. मग असे दोन रिसेप्टर एकमेकांना धरतात आणि जोडीनं डीएनएवर ठराविक जागी जाऊन बसतात. आता त्यांच्या बदललेल्या अंगावर नवी खाच तयार झालेली असते. तिथं मदतनीस प्रथिनं येऊन चिकटतात, ती आणखी दुसऱ्यांना बोलावतात, आणि जनुक वाचायला सुरुवात होते. त्यातले काही निरोप असे असतात, की पेशीनं वाढावं, दुप्पट व्हावं. निरोगी पेशीत ह्याला वेळेवर लगाम बसतो. काही गाठींमध्ये हेच अखंड चालतं.

"अशी गाठ असेल तर एक गोळी आहे," त्या म्हणाल्या. "ती त्याच खोबणीत जाऊन बसते. पण ती बसली की मदतनिसांची खाच नीट होतच नाही. ते येतात, त्यांना धरायला जागा नसते. बहुतेकदा पाच वर्षं, रोज एक गोळी. पण गाठीत रिसेप्टर नसेलच, तर गोळी कोणाच्या खोबणीत बसणार? मग ते हत्यार हातातून गेलं, आणि औषधांची सगळी आखणी बदलते."

लताचं सगळं ह्या एका प्रश्नावर होतं: आहे की नाही.

तो तपासायची रीतही तीच, धराधरीची. बाहेरून एक प्रथिन सोडायचं, जे फक्त ह्या रिसेप्टरलाच धरतं. धरलं तिथं तपकिरी रंग, नाही धरलं तिथं निळा. मी भिंगात डोळा घातला. सगळं निळं. एक ठिपका तपकिरी नाही.

"म्हणजे नाही," मी म्हणालो.

"घाई करू नका. ह्या कोपऱ्यात बघा." त्यांनी काच सरकवली. "ह्या गाठीशेजारच्या निरोगी दूधनळ्या. ह्यांच्यात थोडे तरी तपकिरी ठिपके असायलाच हवेत, प्रत्येक बाईच्या असतात. इथं त्याही निळ्या. जिथं असायलाच पाहिजे तिथंसुद्धा दिसत नाही, म्हणजे हा नकार खरा नाही. तुकडाच आमच्यापर्यंत येण्याआधी खराब झालाय. म्हणून मी सही केली नाही."

लॅबमध्ये रंग चढवणारे गजाननभाऊ मागं उभे होते. ते म्हणाले, "प्रथिनाचा आकारच गेला न जी. आता बाहेरच्यानं कायले धरावं? पकड कशी बसन?"

डॉक्टरबाईंनी दाजींना विचारलं, "गाठीचा डबा दवाखान्यातून निघाला तेव्हा त्यात औषध, फॉर्मालिन, भरपूर होतं ना?"

"होतं जी," दाजी म्हणाले.

मी शिक्षक आहे. तीस वर्षं खोटं बोलणारी तोंडं बघितलीत.

बाईंनी मार्ग सांगितला. ऑपरेशनच्या आधी लता सासरी गेली असताना उमरेडला सुईनं तुकडा काढून तपासला होता. तपासताना तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवतात; तेव्हा तो नीट औषधात ठेवलेला असेल तर ठोकळ्यात जसाच्या तसा असणार. बहुतेक ठिकाणी ठोकळा पेशंटला परत देतात. "तो आणा. फक्त उन्हात, गाडीच्या काचेपाशी ठेवू नका. मेण आहे."

उमरेड, दुसरा दिवस

सकाळच्या एस.टी.नं उमरेडला निघालो, मी आणि दाजी. खिडकीतून येणारा वारा इस्त्रीतून आल्यासारखा होता. रस्त्याच्या कडेला साग नुसते वाळक्या फांद्यांचे उभे, मधेच कोळशाच्या खाणीचा मातीचा डोंगर. माझ्या उजव्या खिशात लतानं कांदा घातला होता, ऊन लागू नये म्हणून. शास्त्राचा शिक्षक असूनही मी तो काढला नाही.

अर्ध्या वाटेवर दाजी एकदम म्हणाले, "दादा, डबा मी उघडला होता."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"बसमध्ये बसलो न, त झाकणातून औषध गळून राहिलं होतं. असा वास का बाप्पा! डोळे झोंबले सगळ्यायचे. कंडक्टर म्हणे, फेका नाई त उतरा. मले वाटलं, हे असं झोंबणारं पाणी, यात हिचं मांस जळून जाईन. आमच्या घरी रेशीम रंगवलं का खारं-तेजाबाचं पाणी आधी निथळून टाकतेत, साध्या पाण्यात दोनदा धुतेत, अन् ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतेत. सुकू देत नाई, तुटते म्हणून. मायनं लहानपणापासून हेच शिकवलं. म्या तेच केलं. औषध सांडलं, बाटलीतलं चांगलं पाणी भरलं, गमछा ओला करून गुंडाळला. शनिवार होता. लॅब सोमवारी उघडली." त्यांनी तोंड पुसलं. "मले वाटलं, म्या सांभाळून आणलं."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, कानाखाली वाजवावी इतका आला. दोन आठवडे हा माणूस गप्प बसला, आणि काल डॉक्टरसमोर खोटं बोलला. "काल का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"लता खोलीवर आपली वाट पाहून राहिली होती न. तिच्या कानावर गेलं असतं." मग हळूच म्हणाले, "तिले म्या मारलं असं झालं असतं."

मी खिशातला कांदा चाचपत बसलो. चूक आळशी माणसाची असती तर भांडलो असतो. ही चूक जपण्यातून झालेली होती. विणकराच्या घरात वाढलेलाच माणूस ती करू शकतो. माझ्या हातात तो डबा असता तर मी तसाच गळता नेला असता, आणि तो बरोबर पोहोचला असता.

उमरेडला दाजींची आई, आम्ही मावशी म्हणतो, मागावर बसलेली होती. सत्तरी उलटली तरी बाई अजून करवती काठ विणते, करवतीच्या दातांसारख्या नक्षीचा. हा काठ एकट्यानं होत नाही. मधल्या पोताचा धोटा वेगळा, दोन्ही काठांचे वेगळे. मावशी ह्या टोकाला, शेजारीण त्या टोकाला, आणि काठाचा धागा पोताच्या धाग्यात अडकवला तरच दोन्ही जोडले जातात. एकीनं हात थांबवला की दुसरीचा थांबतो. कालच्या भिंगातली जोडीनं बसणारी प्रथिनं मला आठवली. आमच्या इचलकरंजीच्या यंत्रमागावर हे दिसत नाही. तिथं एक माणूस चार माग बघतो आणि कुणालाच ऐकू येत नाही.

"माय, लताच्या तपासाचा तो ठोकळा कुठी आहे वं?" दाजींनी विचारलं.

"कोणता, मेणाचा? मेणाच्या डब्यात ठेवला न." मावशीनं मागाखालून पत्र्याचा डबा ओढला. धोटा सरसर जावा म्हणून त्याला मेण घासतात, त्या मेणाचा डबा. आत पिवळ्या मेणाचे तुकडे, आणि मधोमध प्लॅस्टिकच्या जाळीवरचा पांढरा चौकोनी ठोकळा. बाजूला पेन्सिलीनं नंबर. एक कोपरा झिजून गोल झालेला.

"मावशी, हा कोपरा कसा गेला?" माझा आवाज चढला.

"येकदा घासून पाह्यला. कामाचा नाई. लय टणक आहे. म्हून ठेवून देला."

दाजींनी डोकं धरलं. मी ठोकळा उजेडाकडे केला. मधोमध मेणात तीन पांढरट रेघा होत्या, शेवयांच्या तुकड्यांसारख्या. झीज त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. धोट्याला टणक लागला म्हणून लता वाचणार होती की काय, ह्या विचारानं मला हसूही आलं आणि घामही फुटला. मावशीला काही सांगितलं नाही. तिनं वडाभात वाढला, भिवापुरी मिरचीची फोडणी वर ओतली, आणि "अजून घ्या जी, तुमच्याकडे मिरची नसते काय?" असं म्हणून मला डिवचलं. कोल्हापूरकडच्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं, तेही पाणावलेल्या डोळ्यांनी.

दुपारच्या उन्हात निघू नका म्हणत होती. दाजी ऐकेनात. ठोकळा डब्यात, डबा ओल्या फडक्यात, फडकं मातीच्या लहान मडक्यात. एस.टी.त त्यांनी मडकं मांडीवर धरलं आणि नागपूरपर्यंत हात काढला नाही. मी म्हणालो, जरा मी धरतो. नुसती मान हलवली. ह्या खेपेला ओलं फडकं बरोबर होतं, मेण वितळायला नको होतं.

लॅबमध्ये पोहोचल्यावर त्यांनी मडकं टेबलावर ठेवलं आणि माझ्या आधी बोलले. सगळं सांगितलं. गळतं झाकण, कंडक्टर, पाणी, गमछा, कालचं खोटं. डॉक्टरबाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कागद ओढून लिहून घेतलं. "हे कळणं माझ्यासाठी फार कामाचं आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी डबा देणाऱ्यांनाच सांगते, झाकणाला चिकटपट्टी लावा आणि माणसाला समजावून द्या. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं ना, ते झोंबणारं पाणीच मांस टिकवतं म्हणून?"

"नाई जी."

"मग बसा."

धंतोली, चौथा दिवस

मधला एक दिवस आम्ही तिघं खोलीत बसून काढला. लता पत्ते पिसत होती आणि दोघांना हरवत होती. कुणी ठोकळ्याचं नाव काढलं नाही.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. गजाननभाऊंनी काच ठेवली. मी सवयीनं पुढं सरकलो, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "सर, तुम्ही थांबा. आधी ह्यांना." दाजी स्टुलावर बसले. मोटारीच्या बारीक तारांवर डोळे तयार झालेले, एका क्षणात भिंग जमलं.

काच थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे सरकवून बघितली.

"इटकरी ठिपके," शेवटी म्हणाले. "सगळीकडे. हे चांगलं का वाईट, बाई?"

"चांगलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आहे रिसेप्टर. भरपूर आहे. गोळीला बसायला जागा आहे."

मग मी बघितलं. निळ्या पेशींत तपकिरी केंद्रकं, एकाशेजारी एक. तीस वर्षं ज्या जागी बाण काढला ती जागा. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी भिंगातून डोळा काढलाच नाही. गजाननभाऊ म्हणाले, "घ्या जी, पाहा आरामानं, काहून घाई?"

लढाई संपली नव्हती. बाकीचे उपचार, त्यांचा त्रास, ते सगळं कॅन्सरच्या डॉक्टरांनी पुढं समजावलं. पण हत्यार हातात होतं.

खोलीवर आलो. दाजी दारातच उभे राहिले आणि लताला म्हणाले, "तुले एक सांगाचं आहे." आणि सांगितलं. बसमधलं पाणी, सगळं. मी मुद्दाम माठाकडे वळलो, पण खोली दहा बाय दहाची, कान कुठं नेणार?

लता पत्ते गोळा करत होती. वर न बघता म्हणाली, "मला माहीत होतं."

"कसं?"

"गमछा कोणी धुतला? हे डबा देऊन आले त्या दिवशी धुतला मी. त्या औषधाचा वास तीनदा धुतला तरी जाईना. तेव्हाच कळलं, ह्यांनी डबा उघडला होता."

मला दोघांनाही एकदम झोडावंसं वाटलं. "अगं मग बोललीस का नाहीस? दोन आठवडे? डॉक्टरांना सांगितलं असतं तर..."

"ते वाईट आहे हे मला कुठं माहीत होतं, दादा? मला एवढंच दिसलं, की हे डबा उघडल्यापासून धड जेवत नाहीत. बोलले असते तर विचारलं असतं. बोलले नाहीत, म्हणून मीही नाही बोलले." मग दाजींकडे वळून, तिकडच्या बोलीत, जी ती आमच्यासमोर कधी बोलत नाही, म्हणाली, "आता जेवाल न गा?"

दाजी खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. लतानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला डोळ्यानं बाहेर जायला सांगितलं.

मी बाहेर आलो. गल्लीत ऊन मी म्हणत होतं. पाकिटं धरून माणसं उभी होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्याच्या हातात प्लॅस्टिकचा डबा होता, आणि झोंबणाऱ्या वासानं तो नाक आवळून झाकणाशी चाळा करत होता. मी धावत गेलो आणि त्याचा हात धरला. "बाबा, उघडू नका," मी म्हणालो, आणि मग तिथंच उभं राहून, उन्हात, एकही बाण न काढता, त्याला का ते सगळं सांगितलं.